जड कोण, ट्रिगर की बोट?

१ ऑगस्ट २०२४ला स्वप्नील कुसळेनं पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं आणि ‘पन्नास मीटर रायफल’ ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पोचली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, रेल्वेत नोकरी, ऑलिम्पिक फायनलमध्ये ४५१.४ गुण. सही ना? मग आपल्यातलेही काही जण रविवारी रेंजवर जायला लागले.

चार रविवार छान जातात. मग गोळ्या काही केल्या मध्यभागी जाईनात, की डोक्यात किडा वळवळतो : ट्रिगर जड आहे, बॉस! घरी उघडू, जरा पॉलिश मारू.

तुम्ही ढोकीकडचे असाल, तर विचारूच नका. तेरणा कारखान्याच्या त्या पट्ट्यात मोटर अडो की ट्रॅक्टर, आधी घरच्या पान्यानं उघडायचं, मग मिस्त्रीला फोन. सवय झकास आहे. फक्त रायफलला लावू नका.

कारण साधं आहे. आत फायरिंग पिनला रोखून धरणारा एक खटका असतो, त्याला सिअर म्हणतात. कानस जरा जास्त फिरली, की खटका नीट धरत नाही. मग रायफल नुसती आपटली तरी गोळी सुटू शकते. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीच्या दुरुस्तीला आणि बदलाला परवाना लागतो. अॅडजस्टमेंटचा स्क्रू असेल, तर तोही मॅन्युअल वाचून आर्मररलाच फिरवू द्या.

आणि जड म्हणजे किती जड? पन्नास मीटर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अटच नाही. पंचवीस मीटर पिस्तुलात मात्र ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा लागतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या एशियाडमध्ये सोनं मिळवलं ते याच प्रकारात. तेव्हा बहाणा बाद!

खरा फंडा बोटाचा आहे. रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा गोल फक्त १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. बोटानं झटका दिला, की नळी हलते आणि बटण हुकतं.

लायसन्सची रायफल घरी असेल, तर रोज दहा मिनिटं कोरडा सराव करा. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटानं चाचपा. नेम धरायचा तो जाड भिंतीवर, पलीकडे कुणी नाही अशा. एक लक्षात ठेवा : रिमफायरची पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. चेंबर रिकामं असेल, तर काही रायफलींत ती चेंबरच्या काठावरच बसते आणि काठ चेपतो. म्हणून मॅन्युअल बघा, नाहीतर डमी काडतूस वापरा.

आता बोटाचं पहिलं पेर चापावर ठेवा. सरळ मागे, हळूहळू दाब वाढवा. ‘टक’ झालं तरी दोन सेकंद तसेच थांबा. नळीवर रुपयाचं नाणं ठेवून बघा. पडलं, तर झटका बसला. रायफल क्लबची असेल, तर हेच रेंजवर, कोचसमोर.

महिनाभर करा. तरीही ट्रिगर जड वाटला, तर खुशाल आर्मररकडे जा. बहुतेकांवर ती वेळच येत नाही.