उधळलेला घोडा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आमच्या प्रभादेवीतील कितीतरी बिऱ्हाडांत माथेरानचा बेत शिजू लागतो. तेथे खाजगी मोटारी दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाहीत. साहजिकच मुले घोड्यासाठी हट्ट धरतात. घोडा उधळलाच तर वर बसलेल्या नातवाने काय करावे, असे एका वाचकभगिनींनी आम्हांस विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. मुंबईतील घोड्यांच्या ट्रामी १९०५ साली गेल्या, व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली अवैध ठरविल्या, आणि घोड्याचा स्वभाव जाणणारी माणसेही आमच्या आळ्यांतून दिसेनाशी झाली. महालक्ष्मीचे घोडे आम्ही पाहतो ते कठड्याबाहेरून!

नलोपाख्यानात नल राजा ऋतुपर्णाला जी अश्वविद्या देतो तिचे नाव 'अश्वहृदय' असे आहे. नाव मोठे मार्मिक. घोड्याचे हृदय भित्र्याचे असते. हा प्राणी शिंगे-नखे घेऊन जन्मलेला नाही. पळणे हेच त्याचे शस्त्र. डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते, मात्र ऐन पाठीमागचे दिसत नाही. मागून माकडाने उडी घेतली, प्लास्टिकची पिशवी फडफडली किंवा शेजारचा घोडा दौडू लागला, की तो आधी पळतो. भरधाव सुटलेला घोडा उन्मत्त नसून घाबरलेला असतो, हे ध्यानी धरले म्हणजे पुढील गोष्टी सहज उमगतात.

बसणाऱ्याच्या हातून पहिली चूक होते ती किंचाळण्याची. दुसरी, पुढे वाकून टाचा आवळण्याची. टाचेचा दाब म्हणजे घोड्याला 'आणखी पळ' असा हुकूमच. तिसरी, दोन्ही वाद्या सारख्या ताणून धरण्याची. अशा सततच्या ओढीवर घोडा तोंडाचा भार टाकतो आणि तसाच धावत राहतो. त्या रस्सीखेचीत माणूस जिंकत नाही. म्हणून अंग किंचित मागे घेऊन खोगिरात घट्ट बसावे, एका हाताने आयाळ किंवा खोगिराची कडी धरावी, आणि लगाम ओढावा, सोडावा, पुन्हा ओढावा. श्वास रोखू नये. सावकाश, खालच्या स्वरात बोलत राहावे.

मोकळे मैदान असेल तर एकच वादी हळूहळू आखडून घोड्याचे तोंड एका बाजूस वळवावे व त्यास मोठ्या वर्तुळात घ्यावे. वर्तुळ लहान होत गेले की वेगही मंदावतो. एकदम हिसका दिल्यास मात्र तोल जाऊन तो स्वारासकट कोसळेल. माथेरानच्या अरुंद वाटांवर, एका अंगाला दरी असताना, हा वळविण्याचा उपाय सर्वथा वर्ज्य. तेथे ओढ-सोड चालू ठेवावी. चढ आला की घोडा आपोआप दमतो. सिनेमातल्या नायकाप्रमाणे उडी टाकण्याचा विचार मनातही आणू नये. बरोबरच्या मंडळींनीही आपले घोडे मागे पिटाळू नयेत. टापांचा आवाज ऐकून पुढचा आणखी पळतो.

परंतु दहा वर्षांच्या मुलाकडून एवढ्या धीराची अपेक्षा धरणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्याच्यासाठी खरा बंदोबस्त चढण्यापूर्वीचाच. तंग घट्ट आहे ना, हे खोगीर हलवून पाहावे. डोक्यावर शिरस्त्राण असावे व त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. पायांत टाचेचे बूट हवेत, आणि रिकिबीत पावलाचा पुढचा भागच टेकलेला असावा. पडताना पाय अडकून फरफटत जाणे हे पडण्याहून भयंकर. सर्वांत मुख्य म्हणजे घोड्याचा दोर घोडेवाल्याच्या हातात असावा आणि त्याने चालतच न्यावे. पैसे ठरविताना हेही ठरवून घ्यावे. 'काही होत नाही, साहेब' असे म्हणून तो दोर सोडू लागला, तर मुलास तेथेच उतरवून घ्यावे. नाक्यापासून बाजारापर्यंतची वाट झाडांच्या सावलीतून जाते; ती पायी चालण्याजोगी आहे.