काळ्यापलीकडचा उजेड

अमूर्त चित्रापुढे उभे राहिले, की आपल्या ओठांवर पहिला प्रश्न येतो तो ‘यात काय दाखवलंय?’ हा. दुसरा प्रश्न चित्रकाराविषयीचा: ‘कुठे शिकले हे?’ पहिल्याचे उत्तर सापडले नाही तरी दुसऱ्याच्या उत्तरात एखाद्या नामांकित कलाशाळेचे नाव आले, की आपण समाधानाने मान डोलावतो. या दोन्ही प्रश्नांची पंचाईत करून ठेवणारा पिएर सुलाज हा फ्रेंच चित्रकार म्हणूनच मला मोलाचा वाटतो.

सुलाज यांचा जन्म २४ डिसेंबर १९१९चा, दक्षिण फ्रान्समधल्या रोदेझ गावचा. वडील गाड्या बांधणारे कारागीर. ते लवकर गेले. मुलाला वाढवले आईने आणि पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या बहिणीने. लहानपणी पांढऱ्या कागदावर हा मुलगा काळ्या शाईचे फराटे ओढत बसे. काय काढतोस, असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले, बर्फ! मोठी माणसे अर्थातच हसली. पण मुलाचे म्हणणे खरे होते. काळ्याच्या शेजारी कागद अधिक पांढरा दिसतो, हे त्याच्या डोळ्यांनी टिपले होते.

वयाच्या अठराव्या वर्षी पॅरिसच्या सर्वोच्च कलाशाळेत त्यांना प्रवेश मिळत होता. तिथले शिक्षण पाहून ते निराश झाले आणि प्रवेश नाकारून गावी परतले. पुढे युद्धकाळात माँपेलिए इथल्या कलाशाळेत त्यांनी पाऊल टाकले खरे. पण तिथून त्यांनी काही मिळवले असेल, तर कोलेत ही जन्माची जोडीदारीण. १९४२ मध्ये दोघांनी लग्न केले आणि तो संसार ऐंशी वर्षे टिकला.

मग शिकवले कुणी? आपल्याकडे स्वयंशिक्षित म्हटले, की एकलव्य आठवतो. मला मात्र इथे चोवीस गुरू करणारा अवधूत आठवतो. पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी, ज्याच्याकडून जे घेण्यासारखे ते त्याने घेतले. सुलाज यांचे गुरूही असेच विखुरलेले. रोदेझच्या फनाय संग्रहालयातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या कोरीव उभ्या शिळा हा एक. हिवाळ्यातली निष्पर्ण झाडे हा दुसरा. खिडकीसमोरच्या इस्पितळाच्या भिंतीवरचा डांबराचा डाग हा तिसरा. आणि शाळकरी वयात पाहिलेले कोंक गावचे रोमनेस्क धाटणीचे प्राचीन चर्च. आयुष्य कलेलाच द्यायचे, हा निश्चय तिथे झाल्याचे ते सांगत.

हत्यारेही त्यांनी कलासाहित्याच्या दुकानात शोधली नाहीत. सुतार लाकूड रंगवायला वापरतात तो अक्रोडाच्या सालीचा तपकिरी रंग आणि घरे रंगवणाऱ्यांचे रुंद ब्रश घेऊन १९४७च्या सुमारास त्यांनी जाड, ठाम पट्टे कागदावर उभे केले. चित्रांना नावे दिली नाहीत. माध्यम, लांबी-रुंदी आणि तारीख, बस्स. पाहणाऱ्याला नावाची काठी मिळू नये, त्याने डोळ्यांनीच चालावे, असा हा आग्रह.

१९७९ मध्ये एका चित्राशी त्यांची झटापट चालली होती. काळा थर वाढतच गेला, मनासारखे काही होईना. थकून ते झोपले. उठून पाहिले तेव्हा ध्यानात आले, की काळ्या रंगाच्या खाचा-उंचवट्यांवरून उजेड परत येतो आहे आणि आपण जागा बदलली की तोही बदलतो आहे. रंग काळा, पण चित्र उजेडाचे! याला त्यांनी ‘ऊत्रनुआर’, म्हणजे काळ्यापलीकडचे, असा शब्द घडवला आणि पुढची चार दशके त्याच वाटेने ते चालले.

ज्या कोंकच्या चर्चने मुलाला वाट दाखवली, त्याच्या १०४ खिडक्यांच्या काचा करण्याचे काम त्याच्याकडेच आले. १९८७ ते १९९४ अशी सात वर्षे त्यात गेली. त्या काचांत एकही रंग नाही. आरपार न दिसता उजेड तेवढा आत यावा, अशी खास काच त्यासाठी घडवली गेली. याला मी गुरुदक्षिणा म्हणेन, आणि या दक्षिणेत अंगठा द्यावा लागला नाही.

शंभरी भरली तेव्हा, डिसेंबर २०१९ मध्ये, लूव्र संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले. त्यात त्याच वर्षी काढलेली चित्रेही होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये, १०२ वर्षांचे असताना ते गेले.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुले मोठ्या संख्येने बसतात आणि दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र नेटके यावे, यात वाईट काही नाही. हाताला वळण हवेच. पण उद्या एखाद्या मुलीने काळ्या खडूने बर्फ काढला, तर तिच्या कागदावर लाल फुली मारायची की तिच्या शेजारी बसून तो कागद नीट पाहायचा, हे मात्र आपण मोठ्यांनी ठरवायचे आहे. सुलाज यांना त्या हसण्याने काही झाले नाही. प्रत्येक मूल तितके हट्टी असेलच, असे नाही.