विश्लेषण : सोव्हिएत युद्धपटातील चार नळ्यांची मशीनगन तारापूरला काय सांगते?

पहलगाम हल्ल्यानंतर ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्राच्या यादीत पहिल्या श्रेणीत तीनच नावे होती – मुंबई, उरण आणि तारापूर. त्याच आठवड्यात मोबाइलवर हवाई संरक्षणाच्या चित्रफितींचा पूर आला होता. रात्रीच्या आकाशात सुटणारे लाल ठिपके, कोसळणारी विमाने, धडाडणाऱ्या तोफा. त्यांतील काही चित्रफिती चक्क व्हिडीओ गेममधल्या होत्या आणि तसे सांगण्याची वेळ पत्र सूचना कार्यालयाच्या सत्यशोधन विभागावर आली. पडद्यावरचे शस्त्र खरे की खोटे, आणि ते खरे असले तरी आपल्या काय उपयोगाचे, हा प्रश्न बोईसर-तारापूरच्या रहिवाशासाठी त्यामुळे केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. त्याचे एक उत्तम उत्तर ५० वर्षांहून जुन्या एका सोव्हिएत चित्रपटात सापडते.

चित्रपट कोणता?

स्तानिस्लाव रोस्तोत्स्की यांचा ‘द डॉन्स हिअर आर क्वाएट’ (१९७२). रशियन नावाचा अर्थ साधारण ‘इथल्या पहाटा मात्र शांत आहेत’ असा. बोरिस वासिल्येव यांची याच नावाची लघुकादंबरी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. दोघेही दुसऱ्या महायुद्धात लढलेले. रोस्तोत्स्की यांनी तर त्या युद्धात पाय गमावला. रणांगणातून आपल्याला बाहेर काढणाऱ्या परिचारिकेच्या ऋणाची जाणीव ठेवून त्यांनी हा चित्रपट केला. परभाषक चित्रपटांच्या विभागात त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले.

कथा १९४२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावरची, उत्तर रशियातील कारेलियाची. (त्याच वर्षी १४ ऑगस्टला पालघरमध्ये ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले.) आघाडीपासून दूर, १७१ क्रमांकाचा रेल्वेचा एक छोटा थांबा. मोजकी घरे, एक गोदाम. उमरोळी किंवा वाणगावइतकीही वर्दळ नाही. पण रूळ महत्त्वाचे, म्हणून वरिष्ठांनी तिथे ‘असावीत’ म्हणून विमानवेधी मशीनगन ठेवलेल्या. त्या चालवणाऱ्या सगळ्या तरुण मुली. त्यांचा प्रमुख वास्कोव्ह हा आपल्याकडच्या हवालदार-मेजरच्या तोडीचा माणूस. त्याने वरिष्ठांकडे दारू न पिणारे शिपाई मागितले होते. वरिष्ठांनी मुली पाठवल्या! एके दिवशी जंगलात दोन जर्मन दिसल्याची खबर येते. वास्कोव्ह पाच मुलींना घेऊन निघतो. प्रत्यक्षात जर्मन निघतात १६.

कोणती शस्त्रे दिसतात?

सर्वांत आधी लक्षात राहते ती चार नळ्यांची मॅक्झिम. हायरम मॅक्झिम यांनी १८८० च्या दशकात तयार केलेल्या मशीनगनच्या चार रशियन आवृत्त्या एकाच चौकटीवर शेजारी शेजारी बसवलेल्या. नळ्या गोळीबाराने तापतात, म्हणून प्रत्येक नळीभोवती पाण्याचे आवरण. काडतुसे कापडी पट्ट्यातून येतात. एका नळीचा वेग मिनिटाला साधारण ५०० ते ६००. चार मिळून दोन हजारांच्या वर. विमान क्षणभरच माऱ्याच्या टप्प्यात असते, तेवढ्या वेळात जास्तीत जास्त शिसे आकाशात फेकायचे, एवढा साधा हिशेब. मात्र गोळी रायफलीचीच, ७.६२ मिलिमीटरची. खालून उडणाऱ्या विमानाला ती रोखू शकते, उंचावरच्या विमानाचे ती फारसे काही बिघडवत नाही. म्हणजे १९४२ मध्येच हे शस्त्र मागे पडत चालले होते. मुख्य आघाडीवर नव्हे, तर १७१ क्रमांकाच्या थांब्यावर ते का, याचे उत्तर यातच आहे.

आणि इथेच चित्रपटाची खरी गंमत सुरू होते. ज्या शस्त्राचे शिक्षण मुलींना मिळाले आहे ते शस्त्र थांब्यावरच राहते. अवजड चौकट खांद्यावर घेऊन दलदल ओलांडता येत नाही. जंगलात जाताना हातात येते ती मोसिन रायफल. तिचा आराखडा १८९१ चा. पेटीत पाच गोळ्या. एक गोळी झाडली की बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, पुन्हा नेम धरायचा. रायफल उत्तम, मोकळ्या मैदानात कित्येकशे मीटरवर अचूक. पण दाट झाडीत शत्रू ५० पावलांवर दिसतो आणि तिथे ही अचूकता कामाची नसते.

जर्मनांकडे एमपी-४० सबमशीनगन. पिस्तुलाचीच नऊ मिलिमीटरची गोळी, पल्ला जेमतेम १०० मीटर, पण पेटीत ३२ गोळ्या आणि घोडा दाबून धरला की सरी. जंगलातल्या झटापटीत पाच गोळ्यांच्या रायफलीपुढे हे शस्त्र किती भारी पडते, हे दिग्दर्शक कोणत्याही भाषणाविना दाखवतो. मराठी प्रेक्षकाला हा विषम सामना ओळखीचा वाटावा. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या दोन अतिरेक्यांसमोर रेल्वे पोलिसांच्या हातात लाठ्या आणि जुन्या .३०३ रायफलीच होत्या. तीही बोल्टचीच रायफल, तोही रेल्वेचाच परिसर.

याखेरीज वास्कोव्हकडे सात गोळ्यांचे नागान रिव्हॉल्व्हर आहे, हातबॉम्ब आहेत, चाकू आहे. पण कथेतील सर्वांत परिणामकारक शस्त्रे शस्त्रागारातली नाहीतच. जर्मनांनी नदी ओलांडू नये म्हणून मुली पलीकडच्या काठावर झाडे तोडतात, शेकोट्या पेटवतात, आरडाओरडा करतात, जणू लाकूडतोड्यांची मोठी टोळीच कामाला लागली आहे. झेन्या नावाची मुलगी तर शत्रूच्या डोळ्यांदेखत थंडगार पाण्यात उतरून गाऊ लागते. १६ सशस्त्र सैनिक मार्ग बदलतात! शेवटी वास्कोव्ह उरलेल्या जर्मनांच्या झोपडीत एकटा शिरतो तेव्हा त्याच्या हातातल्या बॉम्बला डिटोनेटरच नसतो. हा माणूस एकटा असेल, यावर समोरच्यांचा विश्वास बसत नाही, म्हणून ते शरण येतात.

ही शस्त्रे कितपत खरी?

बरीचशी. सोव्हिएत युद्धपटांना जुनी शस्त्रे मिळण्याची अडचण नव्हती. मॅक्झिम आणि मोसिन लाखोंनी बनल्या होत्या. अडचण येत असे ती शत्रूची शस्त्रे दाखवताना. युरी ओझेरोव्ह यांच्या ‘लिबरेशन’ या भव्य चित्रपटमालिकेत जर्मन टायगर रणगाडे म्हणून दिसतात ते सोव्हिएत रणगाड्यांवर पत्र्याचे सांगाडे चढवून केलेले सोंग आहे. त्याच मालिकेत १९४३ च्या कुर्स्कच्या लढाईत टी-३४ ची ८५ मिलिमीटर तोफेची आवृत्ती धावते, जी प्रत्यक्षात त्यानंतर आली. युद्धपटांतला आणखी एक नेहमीचा घोटाळा म्हणजे प्रत्येक जर्मन शिपायाच्या हाती एमपी-४०. खऱ्या जर्मन पायदळातील बहुसंख्यांकडे साधी बोल्टची रायफलच असे. रोस्तोत्स्की यांच्या चित्रपटात मात्र हा दोष लागू होत नाही, कारण त्यातले १६ जण घातपातासाठी आलेले निवडक छत्रीधारी सैनिक आहेत.

चित्रपटाचा वर्तमानकाळ कृष्णधवल आहे. मुलींच्या आठवणी आणि स्वप्ने रंगीत. शस्त्रे जवळपास सगळी कृष्णधवल भागात येतात. ती चकाकत नाहीत, संथ गतीने फिरत नाहीत, त्यांच्यामागे संगीत गरजत नाही. हल्लीच्या युद्धपटांची सवय लागलेल्या डोळ्यांना हे रूक्ष वाटू शकते.

चार नळ्यांचे पुढे काय झाले?

त्या गेल्या नाहीत, मोठ्या झाल्या. सोव्हिएत संघाने १९६० च्या दशकात ‘शिल्का’ ही साखळीपट्ट्यांवर धावणारी, रडारच्या मदतीने नेम धरणारी विमानवेधी तोफ आणली. नळ्या चारच, पण २३ मिलिमीटरच्या, मिनिटाला तीन हजारांहून अधिक मारा. भारतीय लष्कराकडे ती आहे, तसेच दोन नळ्यांची झेडयू-२३ आणि मूळ स्वीडिश बनावटीची एल-७० तोफही. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेवर ड्रोनचे थवे आले तेव्हा ‘एस-४००’चे नाव सर्वाधिक गाजले, पण ड्रोन पाडण्यात या जुन्या तोफांनीही मोठा वाटा उचलला. कारण सोपे आहे. काही हजारांच्या ड्रोनवर कोट्यवधींचे क्षेपणास्त्र उडवणे कोणालाच परवडत नाही. क्षणभर दिसणाऱ्या लक्ष्यावर गोळ्यांचा सडा टाकायचा, हा मॅक्झिमचा हिशेब पुन्हा उपयोगी आला.

मग तारापूरचे काय?

तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून वीज देऊ लागली. पुढे भर पडून चार संचांची स्थापित क्षमता १,४०० मेगावॉट झाली. शेजारी औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने, पूर्वेला मुंबईला गुजरात आणि दिल्लीशी जोडणारा लोहमार्ग, पश्चिमेला मच्छीमारांचा समुद्र. १७१ क्रमांकाच्या थांब्याचे महत्त्व ज्या कारणाने होते, तेच कारण इथे अनेक पटींनी मोठे आहे.

अणुप्रकल्पाला एक कागदी कवच आहे, ज्याची चर्चा फार होत नाही. ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. युद्धे, हल्ले, राजदूतांची हकालपट्टी, काहीही होवो, यादी जाते. हा करार मोलाचा आहे. पण तो कारखान्यांना, रुळांना किंवा जेट्टीला लागू नाही, आणि देश नसलेल्या टोळ्यांवर तर त्याचे बंधनच नाही. किनाऱ्यावर अधूनमधून होणारी ‘सागर कवच’ ही कवायत त्याच शक्यतेसाठी असते.

बोईसरकरांच्या बाजूने पाहिले तर मुद्दा अधिक जवळचा आहे. मोठी शस्त्रे कुठे ठेवायची हे लष्कर ठरवणार. ती रहिवाशांच्या हाती येणार नाहीत आणि येऊही नयेत. चित्रपटातल्या मुलींप्रमाणेच इथल्या लोकांनाही प्रत्यक्ष प्रसंगी हाताशी असेल तेवढ्यावरच निभवावे लागेल. आणि हाताशी काय आहे? सायरनचा चढउतार होणारा आवाज म्हणजे धोका आणि एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला, हे किती जणांना ठाऊक आहे? या भागात कारखान्यांचे भोंगे रोज वाजतात. पाळीचा भोंगा, वायुगळतीचा इशारा आणि हवाई हल्ल्याचा सायरन यांतला फरक ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराला कोणी, कोणत्या भाषेत समजावून सांगितला? नागरी संरक्षण कायदा १९६८ चा आहे. स्वयंसेवकांची नोंदणी आणि प्रशिक्षण त्यात आहेच. वर्षातल्या एका संध्याकाळी दिवे घालवून ते प्रशिक्षण पूर्ण होत नाही. कारखान्याच्या पाळीत, शाळेच्या वर्गात, कोळीवाड्यात ते पुन्हा पुन्हा व्हायला हवे. औद्योगिक वसाहतीत आगी आणि स्फोट युद्धाविनाही होत आले आहेत, तेव्हा हा खर्च वाया जाण्याची भीती तर मुळीच नाही.

क्षेपणास्त्राच्या चित्रफितीला जितक्या जणांनी ‘लाइक’ केले, त्याच्या शतांशाने जरी नागरी संरक्षण दलाचा अर्ज भरला असता, तरी पालघर जिल्ह्याचे चित्र वेगळे दिसले असते.

चित्रपट कुठे, किती वेळाचा?

यूट्यूबवर उपशीर्षकांसह उपलब्ध आहे. दोन भाग मिळून तीन तासांहून थोडा अधिक. डहाणू लोकलने चर्चगेटपर्यंत रोज ये-जा करणाऱ्याचा तो एका दिवसात आटोपतो. तमिळमध्ये याच कथेवर बेतलेला ‘पेराण्मै’ (२००९) आहे, पण आधी मूळ पाहावा.

कादंबरीच्या अखेरीस, युद्धाला बरीच वर्षे लोटल्यावर, त्याच तळ्याकाठी तरुण मंडळी सहलीला आलेली असतात. तिथे हात गमावलेला एक पांढऱ्या केसांचा म्हातारा येतो. सोबत लष्कराच्या क्षेपणास्त्र दलातला एक कॅप्टन. पाच मुलींपैकी एकीचा, रीताचा, तो मुलगा, वास्कोव्हने वाढवलेला. दोघे जंगलातून एक जड संगमरवरी पाटी वाहून नेत असतात. सहलीला आलेल्या मुलांना पाटी उचलायला हात लावावासा वाटतो, पण विचारायचा त्यांना धीर होत नाही.