मधली डिस्क हरवली तर?

मार्चअखेर जवळ आली की शिरपूर-धुळ्यापासून जळगावपर्यंत पतसंस्था, सूतगिरण्या आणि कॉलेजांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: वर्षभराचा डेटा ठेवायचा कुठे? हार्ड डिस्क आहे, क्लाउड आहे. त्यांच्या जोडीला एक प्रत ऑप्टिकल डिस्कवर असलीच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

कारण 27 जून 2017 चे आहे. त्या दिवशी नॉटपेट्या हा व्हायरस मेर्स्क कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातले त्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. कंपनीचे डोमेन कंट्रोलर एकमेकांची प्रत ठेवत होते. तरीही ते एकजात पुसले गेले, कारण सगळेच नेटवर्कवर होते. घानामधला एकच वाचला, तोही ऐन वेळी तिथली वीज गेली म्हणून. एकदाच लिहिता येणारी डिस्क लिहून कपाटात ठेवली की तिच्यापर्यंत असा हल्ला पोहोचत नाही.

पण ती लिहिण्याची रूढ पद्धत धोक्याची आहे. टारने सगळे एकत्र करायचे, जीझिपने दाबायचे, स्प्लिटने तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा ग्रोआयसोएफएसने लिहायचा. कमांड एका ओळीत मावते, म्हणून ती आवडते. 120 जीबीचा असा बॅकअप 26 डीव्हीडींवर जातो. त्यातली सातवी वाचली नाही, तर आठवीपासूनच्या सगळ्या चांगल्या असूनही नेहमीच्या पद्धतीने उघडत नाहीत, कारण जीझिपचा प्रवाह सलग असतो आणि मधे तुटला की पुढचे उलगडत नाही. एका ओरखड्याची एवढी किंमत कुठल्याही संस्थेने मोजू नये.

त्याऐवजी डार वापरा. तो प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबतो, ठरवलेल्या मापाचे तुकडे स्वतःच पाडतो आणि फायलींची यादी वेगळी काढून देतो. ती यादी डिस्कांबरोबरही ठेवा आणि दुसरीकडेही. तुकड्याचे माप देताना जपा: डीव्हीडीचे 4.7 जीबी म्हणजे 470 कोटी बाइट, संगणकाच्या मोजणीने 4,482 एमबीच्या आसपास. 25 जीबीच्या ब्लू-रेवर हाच बॅकअप पाच-सहा डिस्कांत बसतो. वर पार-टूने एका डिस्कभर दुरुस्तीचा डेटा तयार करून तो जादा डिस्कवर लिहिला, तर संचातली कोणतीही एक डिस्क पूर्ण गेली तरी भरून काढता येते. त्या एका जादा डिस्कचा खर्च वाचवू नका.

लिहून झाल्यावर डिस्क शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून चेकसम जुळवा. जुळवताना इमेजच्या लांबीइतकेच वाचा. शेवटी पडलेली भर मोजली गेली तर चांगली डिस्कही चुकीची ठरते. खातेदारांचा डेटा असेल तर तो कूटबद्ध करूनच लिहा आणि किल्ली डिस्कांच्या कपाटात ठेवू नका.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णता सोसत नाही. पत्र्याच्या छपराखालची रेकॉर्ड रूम तिच्यासाठी नव्हे. आतल्या, अंधाऱ्या, कोरड्या खोलीत डिस्का उभ्या ठेवा, आणि एक संच दुसऱ्या इमारतीत.

मालाचीही काळजी आतापासून घ्यायला हवी. मोझर बेअर ही आपली मोठी डिस्क-उत्पादक कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली, सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रेचे उत्पादन फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवले. चांगल्या डिस्का आणि एक जादा यूएसबी रायटर आजच घेऊन ठेवा.

आणि एप्रिलमध्ये सराव करा. कोरे मशीन घ्या, संचातली मधली एक डिस्क बाजूला काढा आणि उरलेल्यांवरून सगळे परत आणा. ते जमले की दुसरीही काढा. आता कोणत्या फायली गेल्या, हे यादी पाहून लगेच सांगता आले पाहिजे.