बोटभर पिल्लू, पुरुषभर मासा

मुंबईत कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला शोभेच्या माशांच्या दुकानांत रेड टेल कॅटफिशचं बोटभर पिल्लू मिळतं. काळसर पाठ, अंगावरून गेलेला पांढरा पट्टा, लांब मिशा आणि वयाबरोबर लालकेशरी होत जाणारी शेपटी. प्लॅस्टिकच्या पिशवीतही ते देखणं दिसतं. ‘फार मोठा होतो का हो?’ असं गिऱ्हाइकानं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं : ‘टँक जेवढा, तेवढाच वाढतो.’ मोठे शिकारी मासे घरात पाळण्याची सगळी हौस या एका वाक्यावर उभी आहे, आणि ते वाक्य साफ खोटं आहे.

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा पूर्ण वाढला की मीटरभराच्या पुढे जातो, वजन चाळीस किलोंच्या वर. नीट खायला मिळालं तर पहिल्या वर्षातच तो फूटभर होतो. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते हे खरं. पण त्याला जुळवून घेणं म्हणत नाहीत. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. थोड्या पाण्यात मोठा मासा असला की ही साखळी कोलमडते. कल्ले जळतात, कणा वाकतो, आणि अनेक वर्षं जगू शकणारा जीव ऐन वाढीच्या वयात मरतो.

अ‍ॅलिगेटर गारचे हाल याहून वाईट. मिसिसिपी खोऱ्यातला हा मासा अडीच मीटरपर्यंत वाढतो. 2011 साली तिथे सापडलेल्या एका गारचं वजन 148 किलो भरलं होतं. त्याच्या अंगावर चिलखतासारखे कडक खवले असल्यामुळे शरीर फारसं वाकत नाही. दीड फूट रुंदीच्या टाकीत तो वळायला गेला की लांब जबडा काचेवर आपटतो, टोक सोलवटतं, पुढे चिघळतं.

यावर काही जण म्हणतात, टाकीच मोठी घेऊ. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सुमारे 680 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 680 किलो. राहत्या घराची जमीन साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो भार धरून बांधतात; इथे तो 600च्या वर जातो. एवढं करूनही मीटरभर माशाला दोन फुटांत अंग दुमडूनच वळावं लागतं.

अरोवानाची गोष्ट निराळी, कारण तिथे श्रद्धा आडवी येते. घरावरचं संकट हा मासा स्वतःवर घेतो आणि मरतो, असं अनेक जण मनापासून मानतात. या समजुतीनं माशाचं फार नुकसान केलं आहे. मासा मेला की पाणी कधी बदललं होतं, खायला काय घातलं होतं, हे कोणी विचारत नाही. संकट टळलं म्हणून दुसरा आणतात. चंदेरी अरोवाना निसर्गात पाण्याबाहेर उसळी मारून फांदीवरचे किडे टिपतो. तीच उसळी तो घरातही मारतो, आणि झाकण सैल असेल तर सकाळी फरशीवर वाळलेला सापडतो. आशियाई अरोवाना तर धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे.

मासा आवरेनासा झाला की तो तळ्यात सोडला जातो, आणि सोडणारा त्याला जीवदान समजतो. श्रीनगरच्या दल सरोवरात आणि भोपाळच्या बड्या तलावात 2023 साली गार सापडले. ‘घरामागच्या तळ्यात ठेवू, तिथून कुठे जाणार?’ या प्रश्नाचं उत्तर केरळनं 2018च्या महापुरात दिलं : पूर ओसरल्यावर तिथल्या नद्यांत अ‍ॅमेझॉनचा महाकाय अरापैमा आणि गार जाळ्यात येऊ लागले. उजनीच्या जलाशयात जाळी फाडणारा काटेरी सकर मासाही मुळात शोभेच्या टाकीतलाच. चीनमधल्या रुझोउ शहरात 2022च्या ऑगस्टमध्ये दोन गार पकडण्यासाठी बागेतलं अख्खं तळं उपसावं लागलं.

परक्या माशांपुरताच हा धोका नाही. निळ्या परांचा महाशीर आपला, दख्खनचा. ब्रिटिश निसर्गअभ्यासक साइक्सनं 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली त्याची पिल्लं सत्तरच्या दशकात कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण ती तिथे फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा, कुबड असलेला महाशीर 2018 साली अतिसंकटग्रस्त ठरला.

हौशी लोकांमुळेच या जाती टिकतात, हाही दावा टिकत नाही. ब्राझीलच्या मामिराउआ अभयारण्यात अरापैमा सावरला तो कोळ्यांमुळे. श्वास घ्यायला वर आलेले मासे मोजायचे आणि त्यातले ठरावीकच धरायचे, ही शिस्त त्यांनी 1999पासून पाळली.

शिकारी माशाची ओढ मात्र खरी आहे, तिची हेटाळणी करू नये. माणसाला ओळखणारा, दबा धरून बसणारा मासा रोज पाहणं हा मोठा आनंद आहे. तो हवा असेल तर मरळीच्या कुळातला चन्ना गाचुआ पाळावा. आपल्या ओढ्यांतला हा मासा वीतभरच वाढतो, हवेतून श्वास घेतो, आणि नर अंडी तोंडात सांभाळतो. घट्ट झाकणाची तीन फुटी टाकी त्याच्या जोडीला पुरते.

जपाननं 2018 साली गार कुळातल्या सगळ्या माशांच्या पाळण्यावर निर्बंध आणले. आपल्या वन्यजीव कायद्यात 2022 साली आलेलं 62अ कलम केंद्राला उपद्रवी परक्या जातींची आयात, विक्री आणि बाळगणं रोखण्याचा अधिकार देतं. गारवर तो आधी चालवावा, आणि प्रत्येक दुकानात पिल्लाच्या किमतीशेजारी मोठ्या माशाची लांबी लिहिणं सक्तीचं करावं. ज्यांच्या घरी असा मासा आज आहे, त्यांनी मत्स्यव्यवसाय खात्याकडे किंवा सार्वजनिक मत्स्यालयाकडे विचारणा करावी. कोणीच घेत नसेल तर जाणकार पशुवैद्याकडून त्याला वेदनेविना मरण द्यावं. हे लिहिताना जड जातं, तरी नदीत सोडण्यापेक्षा तेच करावं.