हळदीचा मांडव आणि आमची रसिकता

गेल्या लग्नसराईत गव्हाण येथील एका स्नेह्यांच्या घरी हळदीस जाण्याचा योग आम्हांस आला. मांडवात एक वृद्ध धवलारीण बसून धवला म्हणत होती. गळा थकलेला होता, परंतु शब्द एकही अडखळत नव्हता. भोवती चार-पाच बायका तिच्यामागून सूर धरीत होत्या. इतक्यात मांडवाच्या तोंडाशी रचलेली ध्वनियंत्रांची भिंत, जिला हल्ली सर्वत्र डीजे म्हणतात, ती गर्जू लागली. म्हातारीचे ओठ आणखी काही क्षण हलताना दिसले. ऐकू मात्र काही येईना. मग तिने पदर सावरला आणि ती मुकाट्याने घरात निघून गेली. तिला कोणीही थांबविले नाही. आम्हीही थांबविले नाही, हे कबूल करताना आम्हांस संकोच वाटतो; पण दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी आपला दोष सांगावा हे बरे.

ही धवलारीण कोण, हे आमच्या शहरवासी वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. पनवेल-उरणकडील आगरी समाजात लग्नाचे विधी परंपरेने धवलारणीच्या गाण्याने चालत आले आहेत. कोणत्या विधीस कोणते गाणे, हे सारे तिच्या मुखात असते. पोथी नाही, पुस्तक नाही. लग्न लावण्याचा अधिकार स्त्रियांस असावा की नसावा यावर शहरांतील विद्वान आजही वाद घालतात. इकडे खाडीकाठच्या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या बायांनी तो वाद न घालताच तो अधिकार पिढ्यान्‌पिढ्या चालविला. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचा मान आहे त्या तेराव्या शतकातील महदंबेची रचना ‘धवळे’ याच नावाने ओळखली जाते, आणि तीही विवाहगीतांचीच आहे. म्हणजे जी जात मराठी काव्याच्या अगदी उगमापाशी आढळते, तीच गव्हाणच्या मांडवात अजून जिवंत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आम्ही सर्वांनी आनंद मानला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीस भरलेल्या ९८व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लोकसाहित्याच्या गाढ्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर यांनी भूषविले, त्याचाही अभिमान बाळगला. मग त्याच भाषेचे जुने धन आमच्या डोळ्यांदेखत दडपले जात असता आम्ही टाळ्या कोणास वाजवीत आहोत?

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. नाचगाण्यास पाप समजणारा सोवळा उपदेश आम्हांस करावयाचा नाही. पूर्वीच्या कित्येक सुधारकांनी तमाशास सरसकट नाके मुरडली. त्यामुळे तमाशा सुधारला नाही, फक्त सुधारक एकाकी पडले. तरुणांनी नाचावे, बँजोवर नाचावे, यंत्रावर नाचावे. यंत्र भाड्याने देणारा मुलगाही आपल्याच गावचा असतो, त्याच्या पोटावर पाय यावा असे आम्हांस मुळीच वाटत नाही. तक्रार एवढीच की, आनंदाचे माप आवाजावर आणि आवाजाचे माप शेजाऱ्याच्या मांडवावर ठरू लागले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या ठिकाणी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास, सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस वगळता, मनाई केली आहे. नियम पंचवीस वर्षांचा जुना झाला. तो पाळलेला मांडव दाखवा, असे कोणी विचारले तर आम्हांस पुष्कळ शोधावे लागेल. धवलारणीस लुगडे-नारळ आणि यंत्रास तिच्या कितीतरी पट रक्कम, हा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांनीच एकदा मांडून पाहावा. कारण त्या रकमेपैकी काही त्यांच्याच वहीत उधारीच्या रकान्यात असते.

कोणी म्हणेल, काळच असा आहे; लोकांस चांगले नकोच असते. हे आम्हांस मान्य नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ हा चित्रपट आला आणि त्यास प्रेक्षकांनी गर्दी केली. कोकणातील एक म्हातारा दशावतारी नट हा त्याचा नायक, आणि ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी ती भूमिका केली. लोककलावंतास मध्यभागी बसविणारे आणि भूमीच्या लुटीबद्दल बोलणारे चित्र लोकांनी डोक्यावर घेतले, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि आमचा एक आक्षेप आहे. अन्यायाचा परिहार सोंगे धारण केलेल्या एकट्या पुरुषाच्या सुडाने व्हावा, हे पडद्यावर शोभते. पण त्याने प्रेक्षक दिपून घरी जातो आणि स्वस्थ झोपतो. आमच्या या भागाचा अनुभव निराळा आहे. नव्या मुंबईसाठी इथल्या जमिनी गेल्या तेव्हा कोणताही अवतार प्रकट झाला नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी एकत्र आले, १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क पदरात पडण्याची वाट मोकळी झाली. हे चित्र अद्याप कोणी मोठ्या पडद्यावर त्याच्या योग्यतेने आणलेले आमच्या पाहण्यात नाही.

त्याच महिन्यात रोहन कानवडे यांचे ‘साबर बोंडं’ प्रदर्शित झाले. त्यास जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक मिळाले होते. वडिलांच्या सुतकासाठी गावी आलेला तरुण, त्याची समजूतदार आई, आणि बालमित्राशी जुळणारा त्याचा जीव, एवढीच गोष्ट. ज्या प्रेमाचे नाव काढणेही आमच्या घरांत वर्ज्य, ते इतक्या सभ्यतेने आणि इतक्या हळू आवाजात सांगितलेले आम्ही पूर्वी पाहिले नव्हते. ज्यांस हा विषय रुचणार नाही त्यांनीही आईची ती व्यक्तिरेखा पाहावी. अशा शांत चित्रांस चित्रगृहांत थोडे खेळ आणि अडनिड्या वेळा मिळतात, ही मात्र जुनीच रड आहे.

रंगभूमीवर प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ हे नाटक २०१७ सालापासून गाजले. आवली आणि रखुमाई या दोनच स्त्रिया रंगमंचावर. एकीचा नवरा देवात गुंतलेला, दुसरीचा नवरा भक्तांत. दोघींच्या बोलण्यातून संसाराचा जो हिशेब मांडला जातो तो कीर्तनांत सहसा ऐकू येत नाही. आणि पुस्तकांविषयी सांगावयाचे तर, २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणारी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ही कादंबरी गव्हाणच्या घराघरांत वाचली जावी अशी आहे. ती विस्थापितांची कथा आहे. गाव उठले तरी मागे राहिलेल्या मुक्या जनावराशी माणसाचे नाते कसे उठत नाही, याची ती गोष्ट आहे. ज्यांची खाजणे व भातखाचरे भरावाखाली गेली त्यांस ती परकी वाटणार नाही.

आता मुद्दा असा की, हे सर्व असून गव्हाणच्या तरुणापर्यंत त्यातले काय पोहोचते? १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. नेरुळच्या क्रीडांगणावर जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा विलायती वाद्यवृंद तीन दिवस वाजवून गेला आणि देशभरातून रसिक लोटले. त्याबद्दल आम्हांस असूया नाही. पाहुण्याचे गाणे अवश्य ऐकावे. परंतु ज्या भूमीवर जगाचे पाहुणे उतरतात, त्या भूमीच्या लेकींचे गाणे तिच्याच मांडवात ऐकू येऊ नये, ही समृद्धी नव्हे. जमीन गेली तिचा मोबदला तरी मिळाला. गाणे गेले तर त्याचा मोबदला देणारी कचेरी अद्याप कोणी उघडलेली नाही.

उपाय अवघड नाहीत आणि सरकारच्या तोंडाकडे पाहण्याचेही कारण नाही. प्रत्येक हळदीच्या मांडवात धवल्याच्या वेळी यंत्र बंद राहील आणि रात्री दहास ते कायमचे थांबेल, एवढा ठराव गावकीने करावा. शाळा-महाविद्यालयांतील मुलींनी आपापल्या गावच्या धवलारणीजवळ बसून, तिची संमती घेऊन, तिची गाणी उतरून घ्यावीत व ध्वनिमुद्रित करावीत. आजच्या भ्रमणध्वनीने हे काम फुकट होते. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त वाचनालयास अनुदान मिळते. त्याचा लाभ घेणारे वाचनालय ज्या गावी नाही तेथे ते काढावे, आणि पहिल्या कपाटात ‘रिंगाण’ असावे. पनवेलच्या व्यापाऱ्यांनी वर्षातून एक दिवस वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात चांगल्या नाटकाचा प्रयोग ठरवून खेड्यांतील विद्यार्थ्यांस अल्प दरात दाखवावा. दुकानाच्या जाहिरातीहून तो खर्च जास्त दिवस स्मरणात राहील.

आणि वधूपित्यांस आमची एकच विनंती आहे. पुढील हळदीस धवलारीण घरात निघून जाऊ लागली, तर तुम्ही स्वतः उठा, यंत्र बंद करवा, आणि तिला मांडवात परत आणून बसवा. तुम्ही उठलात तर दहा जण उठतील. आम्हीही, या खेपेस मात्र, बसून राहणार नाही.