शहाजीराजांचे इनाम आणि घरामागचे परसू

तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे पुतणे, यांनी 1693 साली कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव 46 विद्वानांस इनाम दिले आणि गावाला राजाच्या नावावरून शाहजीराजपुरम् हे नाव लाभले, ही हकीकत आपण सांगतो ती बहुधा राजाच्या विद्याप्रेमाचा दाखला म्हणून. मला मात्र त्या इनामात पंडितांइतकीच त्यांच्या घरांमागची जमीन महत्त्वाची वाटते.

कावेरीखोऱ्यातील अशा अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, घरे भिंतीला भिंत लावून उभी असतात; पुढे ओटा, ज्याला तिकडे तिण्णै म्हणतात, आणि मागे लांबवर पसरलेले परसू, म्हणजे कोल्लै, ज्यात आड, केळी, नारळ, लिंबू आणि कढीपत्ता. घरे सलग म्हणून परसवेही सलग, आणि त्यामुळे गल्लीच्या पाठीमागे, कोणीही आराखडा न आखता, हिरवाईचा एक अखंड पट्टा तयार होतो. कढीपत्त्याची डहाळी सांबारात पडते आणि तिच्याच शेजारच्या पानांवर फुलपाखराची अळी पोसली जाते. गृहिणीने या भाडेकरूला कधी नोटीस बजावल्याचे ऐकिवात नाही. जवळच्या तिरुविडैमरुदूरचे तर नावच मरुदु वृक्षावरून, आपल्या अर्जुनसादड्यावरून पडले असून त्याचे संस्कृत नाव मध्यार्जुन आहे. देवाचा वृक्ष तोडायचा नाही, एवढी शिस्त वृक्षरक्षणाचा कायदा नसतानाही पाळली गेली.

तिरुविसनल्लूरला श्रीधर वेंकटेश अय्यावाळ हे विद्वान राहत. श्राद्धाचे अन्न त्यांनी भुकेल्या अस्पृश्याला घातले, ब्रह्मवृंदाने गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले, तेव्हा गंगा त्यांच्या आडातच उसळली, अशी आख्यायिका असून कार्तिकी अमावास्येस लोक आजही त्या आडाच्या पाण्याने स्नान करतात. अग्रहाराची बंद दारे किती निष्ठुर होती हे ही कथाच सांगते. म्हणून त्या व्यवस्थेचे स्तोत्र गाण्याची माझी इच्छा नाही. मला तिची केवळ मांडणी हवी आहे.

कारण आज आपल्या नगरपालिका उद्यान म्हणजे कुंपण, हिरवळ, बाके आणि चालण्याची फरसबंद वाट असे समजतात आणि हिरव्या क्षेत्राची चौरस मीटरांत मोजणी करून दप्तर बंद करतात. वड, पिंपळ, उंबर निरनिराळ्या वेळी फळतात म्हणून पक्ष्यांना आणि वटवाघळांना बारमाही शिधा मिळतो, ही बाब त्या मोजणीत येत नाही. तांबट वाळक्या फांदीत बीळ कोरतो. पण उद्यानखात्याच्या दृष्टीने वाळकी फांदी हा केवळ छाटण्याचा विषय. पुण्याच्या टेकड्यांवर लवकर हिरवे दिसावे म्हणून मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प लावले गेले. टेकड्या हिरव्या दिसू लागल्या, परंतु मूळच्या गवताळ माळावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना त्या दाटीत थारा उरला नाही.

त्याच पुण्यात समाविष्ट 23 गावांच्या विकास आराखड्यात 978 हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखीव ठेवण्यात आल्या आणि 2015 साली त्या आरक्षणास शासनाची मंजुरी मिळाली. हेतू उत्तम, तथापि जमीनमालकाच्या मोबदल्याची तड न लावता नकाशावर केवळ रंग भरला की आरक्षण आणि अतिक्रमण एकाच टेकडीवर गुण्यागोविंदाने नांदू लागतात. म्हणून माझी सूचना थोडी निराळी आहे. मोठे आरक्षण असावेच, परंतु त्याच्याशी ओढ्याचे काठ, शाळेचे आवार, मंदिराचे नंदनवन आणि खाजगी परसवे सलग जोडली जावीत. पर्जन्यजलसंचयासाठी घरपट्टीत सवलत देण्याची प्रथा काही महापालिकांत आहेच, ती देशी झाडे आणि उघडी माती राखणाऱ्या परसवालाही लागू करावी. तळ्याचा काठ सर्व बाजूंनी काँक्रीटने बांधण्यापूर्वी बेडूक आणि पाणकोंबडी कोठून चढतील, हा प्रश्न अभियंत्याने टिपणीत लिहावा.

कुंभकोणमची नगरपालिका 2021 मध्ये महानगरपालिका झाली. नगरे वाढतात तशी भोवतालची गावे हद्दीत ओढली जातात, आणि मोजणीदार येतो तेव्हा घरामागच्या केळी, आड आणि कढीपत्त्यासमोर, त्या जागेसाठी त्याच्या नमुन्यात दुसरा रकाना नसल्यामुळे, ‘मोकळी जागा’ असे लिहून पुढच्या घराकडे वळतो.